आईच्या मनगटाचा कॉन्ट्रास्ट एमआरआय सांगितलाय, करावा का? (आमवात / आरए)

चोपड्याची_लेक

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आई ५३ वर्षांची, चोपडा तालुक्यात गावाला असते, मी नोकरीला जळगावला. दीड वर्षापूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत तिची बोटं आखडायला लागली, आम्ही म्हटलं वेचणीनेच झालं असेल, पण वेचणी संपली तरी सकाळी दीड दीड तास मूठ वळेना, चहाच्या कपाचा कान धरता येईना. गावातल्या डॉक्टरांनी एक बारकी पांढरी गोळी दिली, दोन दिवसांत आई टुणटुणीत, गोळी संपली की परत पहिले पाढे. असे चार महिने काढले. ती गोळी स्टिरॉइड होती हे नंतर नाशिकला गेल्यावर कळलं.

नाशिकच्या रुमॅटॉलॉजिस्टनी (सांधेदुखीचे डॉक्टर) अँटी सीसीपी ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह म्हणून आरए, म्हणजे आमवात, सांगितला. सहा महिने झाले, मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, फॉलिक अॅसिड आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू आहे. फरक खूप आहे, नाही म्हणणार नाही. ईएसआर ६२ वरून २४ वर आला, सीआरपी नॉर्मल (दोन्ही रक्तातून सूज मोजायच्या तपासण्या), डॉक्टरांनी सांधे मोजून डीएएस का काय तो २.९ काढला, म्हणजे आजार कमी आहे म्हणे. पण उजवं मनगट काही ऐकत नाही. वरच्या बाजूला कायम पुरी फुगल्यासारखं दिसतं. आमच्या आईच्या हातचे खापरावरचे मांडे आख्ख्या भावकीत नावाजलेले, आता मांडा हातावर घेऊन फिरवायला गेली की डोळ्यांत पाणी. एक्सरे काढला तर साफ.

आता डॉक्टर म्हणतात उजव्या हाताचा आणि मनगटाचा कॉन्ट्रास्ट (म्हणजे शिरेत इंजेक्शन देऊन) एमआरआय करून आणा. अप्पा म्हणतात रक्त साफ, एक्सरे साफ, मग हे कशाला, आणि इंजेक्शनने किडनी जाते असं त्यांना कोणीतरी पारावर सांगितलंय. प्लीज ज्यांनी केलाय त्यांनी सांगा.

खरं_ते_बोलतो

ताई स्पष्ट बोलतो राग मानू नका. एक्सरे साफ, रक्त साफ, तरी एमआरआय म्हणजे सेंटरचं मशीनचं कर्ज फेडायचं काम आपल्या खिशातून. माझ्या मेहुण्याचा गुडघ्याचा केला, नंतर कंबरेचा केला, शेवटी गोळी तीच. पाकीट कोणाला पोचतं ते सगळ्यांना माहीत आहे.

निवृत्त_बाई_भुसावळ

लेकी, मी या आजारासोबत १४ वर्षं राहतेय, शाळेत होते तेव्हा खडू धरता येत नव्हता तिथपासून. दोनदा एमआरआय झालाय, एकदा साधा आणि एकदा कॉन्ट्रास्टचा, मला काही किडनी बिडनीचं झालं नाही, पण आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घेतलं होतं हे खरं.

एक गोष्ट विषयाला सोडून आहे पण प्रत्येक धाग्यावर लिहिते आणि लिहीतच राहणार. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. वार ठरवून घ्या, कॅलेंडरवर गोल करा. आमच्या ओळखीच्या एका आजींनी रोज एक घेतली, तोंडात फोड, रक्तातल्या पेशी खाली, दहा दिवस दवाखान्यात. आईला वाचता येत असेल तरी पाकिटावर वार मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

नैसर्गिक_जीवन

एमआरआय नको काही नको. निर्गुडीचं तेल आणि मेथीदाणे, २१ दिवसांत आमवात मुळासकट. पत्त्यासाठी मेसेज करा.

खरं_ते_बोलतो

घ्या. यांचं पाकीट वेगळं 😀

रात्रपाळी_डॉक्टर

मी मेडिसिनचा निवासी डॉक्टर आहे, रुमॅटॉलॉजिस्ट नाही, आणि पेशंट न बघता लिहितोय हे लक्षात ठेवून वाचा. ड्युटी चालू आहे म्हणून तुटक लिहीन.

अप्पांचा प्रश्न बरोबर आहे खरं तर. एक्सरेत काय दिसतं, तर हाड. आरएची सुरुवात हाडात होत नाही, सांध्याच्या आत जे पातळ अस्तर असतं, सायनोव्हियम, तिथं होते. ते सुजतं, जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि मग ते हाडाच्या कडा कुरतडायला लागतं. एक्सरेला कुरतडलेलं हाड दिसतं, कुरतडणारं अस्तर दिसत नाही, आणि कुरतडलेलं दिसायलाही महिनेच्या महिने लागतात. म्हणून एक्सरे साफ म्हणजे अजून हाड फारसं गेलेलं नाही एवढंच, आजार शांत आहे असा त्याचा अर्थ नाही.

रक्ताचंही तसंच. सीआरपी आख्ख्या शरीराचा हिशोब देतं, एकाच मनगटात सूज असेल तर नॉर्मल येऊ शकतं. ईएसआर वयाने वाढतो, अंगात रक्त कमी असलं तरी वाढतो, त्यामुळे आपल्याकडच्या बायकांत तो एकटा धरून चालत नाही.

डीएएस२८ मध्ये २८ सांधे दाबून बघतात, किती दुखतात किती सुजलेत, त्यात ईएसआर किंवा सीआरपी आणि पेशंटला एकूण कसं वाटतं ते धरतात. २.६ च्या खाली रेमिशन म्हणजे आजार शांत, ३.२ पर्यंत कमी, ५.१ पर्यंत मध्यम, त्यावर जास्त. तुमच्या आईचा २.९ म्हणजे कमी आहे पण शांत नाही. आणि गंमत म्हणजे या २८ मध्ये पायाचे सांधे येतच नाहीत. चवडे दुखतात का हे आईला वेगळं विचारा.

चोपड्याची_लेक

धन्यवाद डॉक्टर, हे एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. पण मग साधा एमआरआय का नाही चालत, कॉन्ट्रास्टच का? आणि हो, आई म्हणते चवडे दुखतात, चप्पल घातल्यावर खडा टोचल्यासारखं, कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही म्हणे. कपाळाला हात लावला मी.

रात्रपाळी_डॉक्टर

चवड्यांचं नाशिकला फोन करून नक्की सांगा.

साध्या एमआरआयमध्येही बरंच दिसतं. हाडाच्या आत सूज असेल, ज्याला बोन मॅरो इडिमा म्हणतात, ती बिनकॉन्ट्रास्टच्या स्टर नावाच्या चित्रात छान उजळते. ती महत्त्वाची, कारण जिथं ती असते तिथंच पुढे हाड कुरतडलं जायची शक्यता जास्त. पण सांध्यातलं पाणी आणि सुजलेलं अस्तर हे दोन्ही साध्या चित्रात जवळपास सारखंच दिसतं, वेगळं करता येत नाही. गॅडोलिनियमचं, म्हणजे कॉन्ट्रास्टचं, इंजेक्शन शिरेतून दिलं की ते रक्तासोबत जातं, सुजलेल्या अस्तरात रक्तवाहिन्या जास्त आणि गळक्या, तिथं ते भराभर उतरतं आणि ते अस्तर पांढरं चमकतं. पाणी काळंच राहतं. मग किती जाड अस्तर, किती सांध्यांत, कंडराभोवती (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) सूज आहे का, सगळं मोजता येतं.

केळीवाला_रावेर

डॉक्टर साहेब मी शेतकरी माणूस, बघा मला समजलं ते बरोबर का. ठिबकमधून खत सोडलं, आणि जिथं नळी फुटलेली ड्रिपर निघालेले तिथं जास्त पडणार, मग वरून बघितलं की तेवढाच पट्टा हिरवागार. म्हणजे खत हे औषध नाही, फुटलेली नळी शोधायला सोडलंय. असंच ना?

रात्रपाळी_डॉक्टर

दादा, एकदम बरोबर, मी हे उद्या ओपीडीत वापरणार. फक्त एक जोडतो. तुम्ही खत सोडून संध्याकाळी बघायला गेलात तर ओल सगळीकडे पसरलेली, कुठली नळी फुटली कळणार नाही. इथंही तसंच, इंजेक्शननंतर पहिल्या काही मिनिटांतच चित्रं घ्यावी लागतात. उशीर केला तर गॅडोलिनियम हळूहळू सांध्याच्या पाण्यातही झिरपतं, मग पाणीही पांढरं आणि अस्तरही पांढरं, सगळा घोळ. काही ठिकाणी तर इंजेक्शन देताना लागोपाठ चित्रं घेऊन किती वेगाने चमकलं तेही मोजतात, डायनॅमिक म्हणतात त्याला, पण ते बहुतेक संशोधनातच.

साक्रीवाला_जिभाऊ

बहीन, मन्ही बायकोले बी असाच तरास व्हता. आते बरी शे. पुढचं मराठीत लिहितो नाहीतर निम्म्या लोकांना कळणार नाही.

आमच्याकडे ते चिकनगुनिया निघालं. ताप तीन दिवसांत गेला पण बोटं मनगटं घोटे सहा महिने सुजलेले, सकाळी भाकर थापता येत नव्हती, आरए फॅक्टरही (आरएची दुसरी रक्ततपासणी) थोडासा पॉझिटिव्ह आला आणि एका ठिकाणी लगेच आयुष्यभराची गोळी चालू करायला निघाले होते. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी अँटी सीसीपी केली, निगेटिव्ह, थांबा म्हणाले, आणि हळूहळू ओसरलं. म्हणून विचारतो, एमआरआयमध्ये हे दोन्ही वेगळं दिसतं का?

रात्रपाळी_डॉक्टर

जिभाऊ चांगला मुद्दा. नाही, नुसत्या चित्रावरून खात्रीने नाही. चिकनगुनियानंतरही अस्तर सुजतं, तेही चमकतं. सूज आहे हे एमआरआय सांगेल, ती कशाची ते ताप कधी आला होता, अँटी सीसीपी किती, किती महिने चाललंय यावरून ठरतं. ताईंच्या आईची अँटी सीसीपी पॉझिटिव्ह आहे आणि दीड वर्ष झालंय, त्यामुळे तिथं तो प्रश्न नाही.

टेस्ला_भाऊ

मी जळगावला एमआरआय टेक्निशियन आहे, नऊ वर्षं झाली. सेंटरचं नाव सांगणार नाही, जाहिरात नको. कामाचं तेवढं सांगतो.

१) क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट आणा. किडनी ठीक असेल तर गॅडोलिनियम जवळपास सगळं लघवीतून निघून जातं. प्रॉब्लेम कोणाला, तर ज्यांचा ईजीएफआर (क्रिएटिनिन आणि वयावरून काढलेला किडनीच्या कामाचा आकडा) ३० च्या खाली आहे त्यांना, त्यांच्यात त्वचा लाकडासारखी कडक होणारा आजार पूर्वी काही औषधांनी झालेला आहे. म्हणून आता मॅक्रोसायक्लिक प्रकारचं कॉन्ट्रास्ट वापरतात, गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल वगैरे. तुम्ही विचारू शकता कोणतं देणार, विचारलं तर कोणी खाणार नाही. डोस वजनावर, गॅडोटेरेट असेल तर ५५ किलोच्या बाईला ११ एमएल, म्हणजे काही बाटली चढवत नाहीत. आधी कॉन्ट्रास्टची रिअॅक्शन आली असेल, दमा असेल, दिवस गेलेले असतील तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा.

२) सीटी स्कॅनचं कॉन्ट्रास्ट आयोडीनचं, हे वेगळं. पारावरचे लोक दोन्ही एकच समजतात. आणि एमआरआयमध्ये एक्सरेसारखं रेडिएशन नसतं.

३) बांगड्या!!! रोज भांडण होतं यावरून. मनगटाचा एमआरआय आणि हातात पाटल्या, सुजेमुळे निघत नाहीत, मग काउंटरवर साबण लावून ओढाताण, पेशंट रडते. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे मलाही माहीत आहे, पण मनगटाजवळ कुठलाही धातू असला की चित्र वाकडंतिकडं येतं आणि तापूही शकतो. निघत नसतील तर आदल्या दिवशी सोनाराकडे जाऊन कापून घ्या, नंतर जोडून मिळतात. मंगळसूत्र, जोडवी, पिना, सगळं घरी. पेसमेकर किंवा डोक्यात क्लिप असेल तर ते सगळ्यात आधी सांगा.

४) हे कोणी सांगत नाही म्हणून नीट वाचा. चिठ्ठीवर नुसतं एमआरआय रिस्ट लिहिलेलं असलं तर आम्ही नेहमीचं मनगट करतो, लचक फ्रॅक्चर बघायचं तसं. आरएची अॅक्टिव्हिटी बघायचीय, मनगट आणि बोटांची मुळं दोन्ही हवीत, कॉन्ट्रास्टनंतर फॅट सप्रेशन (चरबीची चमक दाबून काढलेली चित्रं) हवं, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. नाहीतर पैसे जातात आणि बोटांची मुळं चित्राबाहेर.

५) पालथं झोपून हात डोक्यावर पुढे असं ठेवतात बऱ्याचदा. ४० मिनिटं. आमवाताच्या पेशंटचा खांदाही धरलेला असतो, पंधराव्या मिनिटाला हात हलतो आणि सगळं पुन्हा. खांदा दुखत असेल तर आधी बोला, हात अंगाजवळ ठेवूनही करता येतं, चित्र थोडं कमी छान येतं पण न हललेलं चित्र केव्हाही बरं. आवाज भयंकर येतो, कानात बोळे देतो आम्ही.

निवृत्त_बाई_भुसावळ

पाचव्या मुद्द्याला माझे दोन्ही हात वर, म्हणजे वर जात असते तर केले असते. 😅

अजून एक. गावातली ती पांढरी गोळी आई अजून अधूनमधून घेत नाही ना, हे प्रेमाने विचार. स्टिरॉइड पोटात असताना सूज दबते, मग एमआरआय खरा आहे त्यापेक्षा सौम्य येतो. पण घेत असेल तर मनाने बंदही करू नकोस, डॉक्टरांना सांग.

खरं_ते_बोलतो

सगळं वाचलं. चांगली माहिती आहे, मानतो. पण माझा प्रश्न तिथंच. सूज दिसली, मोजली, पांढरी काळी सगळी बघितली. पुढे पेशंटला फायदा काय? कोणी पडताळून बघितलंय का?

रात्रपाळी_डॉक्टर

बघितलंय, आणि उत्तर तुमच्या बाजूला थोडं झुकतं, त्यामुळे खूष व्हा. डेन्मार्कमध्ये २०० पेशंट घेतले, सगळे औषधाने शांत झालेले. अर्ध्यांचं औषध नेहमीसारखं सांधे तपासून आणि रक्त बघून ठरवलं, उरलेल्यांचं एमआरआयमध्ये हाडात सूज दिसली की वाढवत नेलं. निकाल २०१९ ला आला. दोन वर्षांनी रेमिशन एमआरआयवाल्यांत ८५ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ८८. एक्सरेत हाड न झिजण्याचं प्रमाणही जवळपास सारखं. उलट गंभीर त्रास एमआरआयवाल्या गटात जास्त झाले. म्हणजे ज्याला काही होत नाही त्याचा दर सहा महिन्यांनी एमआरआय काढून चित्रावर इलाज करत बसू नये. शिवाय पूर्ण धडधाकट माणसांच्या हातातही, वय वाढलं की, थोडीशी सूज किंवा बारीक खड्डे एमआरआयमध्ये दिसतात.

पण ताईंचा प्रश्न तो नाहीच. त्यांच्या आईचं मनगट डोळ्यांना सुजलेलं दिसतंय, दुखतंय, बाकी सगळं सुधारलंय. इथं डॉक्टरला अडलंय की हे चालू असलेलं आरए आहे, की नुसतं साचलेलं पाणी, की कामाच्या ताणाने दुखावलेली कंडरा, की वयाची झीज. पहिल्यात औषध वाढवायचं, बाकीच्यांत वाढवून काही उपयोग नाही, लिव्हरला फुकट ताप. म्हणून नाशिकला एकच विचारा, रिपोर्ट असा आला तर काय बदलणार आणि तसा आला तर काय बदलणार. दोन्हीकडे उत्तर तेच असेल तर पैसे वाचवा. आणि पॉवर डॉपलर सोनोग्राफीने (सांध्यातला रक्तप्रवाह दाखवते ती) काम होईल का तेही विचारा, स्वस्त आहे, इंजेक्शन नाही, फक्त सांध्यांची सोनोग्राफी येणारा हात हवा, आपल्याकडे तो शोधावा लागतो.

खरं_ते_बोलतो

हा प्रश्न मेहुण्याच्या वेळी विचारायला पाहिजे होता.

चोपड्याची_लेक

विचारलं. फोनवर घेतलं डॉक्टरांनी, मला वाटलं चिडतील, चिडले नाहीत. म्हणाले अस्तर चमकलं तर मेथोट्रेक्सेट वाढवणार, नाही चमकलं तर औषध तेच ठेवून मनगटात दुसरं काय आहे ते बघणार. डॉपलर करणारे तिथले डॉक्टर महिनाभर नाहीत. मग ठरवलं. पाटल्या सोनाराकडे कापल्या, आई त्या दिवशी जेवली नाही नीट, लग्नातल्या होत्या. पांढऱ्या गोळीचं विचारलं तर पिशवीत चार निघाल्या 🙈 तेही सांगितलं डॉक्टरांना.

चोपड्याची_लेक

(सोळा दिवसांनी) झाला एमआरआय, नाशिकला जाऊनही आलो. एसटीने गेलो, आमच्या दोघींचं अर्धं तिकीट, अप्पांचंच काय ते पूर्ण, ते रस्ताभर ऐकवत होते.

टेस्ला भाऊ, चिठ्ठी तुम्ही सांगितली तशी लिहून घेतली होती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला तुम्ही यातल्या आहात का 😀 हात अंगाजवळ ठेवूनच केला. इंजेक्शनला हातात गार वाटलं आणि जरा मळमळलं, दहा मिनिटांत गेलं.

रिपोर्टमध्ये मनगटाच्या सांध्यांत सायनोव्हायटिस (अस्तराची सूज) ग्रेड २, ल्युनेट आणि ट्रायक्वेट्रम या हाडांत इडिमा, करंगळीच्या बाजूच्या कंडराभोवती सूज, आणि कॅपिटेट हाडात एक बारकी इरोजन (कुरतडलेला खड्डा), जी एक्सरेत नव्हती. बोटांची मुळं बऱ्यापैकी साफ. डॉक्टरांनी स्क्रीनवर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली, इंजेक्शनच्या आधीचं मनगट नुसतं करडं, नंतरचं, काय सांगू, हाडांच्या मधून पांढरे पट्टेच पट्टे. अप्पा पुढे वाकून बघत राहिले. मग म्हणाले, हे पांढरं सगळं सुजलेलं? डॉक्टर म्हणाले हो, आणि हे मधलं काळं ते पाणी. त्यानंतर अप्पा परतीच्या गाडीत चाळीसगाव येईपर्यंत काही बोलले नाहीत, तिकिटाचंही नाही.

मेथोट्रेक्सेट २० केलं, गोळीऐवजी आठवड्याचं पोटाच्या त्वचेखालचं इंजेक्शन. तीन महिन्यांनी रक्त आणि सांधे बघणार, एमआरआय लगेच परत नाही म्हणाले. तेव्हाही मनगट तसंच असेल तर पुढचं औषध, बायोलॉजिक, त्याच्या आधी टीबीची तपासणी लागते म्हणे. चवड्यांचा साधा एक्सरे केला, तिथं काही नाही.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मांडे यंदा वहिनी करणार, आई चुलीपाशी बसून सांगणार. वहिनीला आत्तापासून टेन्शन.

टेस्ला_भाऊ

सीडी आणि फिल्म जपून ठेवा ताई, रिपोर्टचा कागद पुरत नाही. पुढे कधी परत केला तर ही चित्रं शेजारी ठेवूनच फरक कळतो, आणि शक्यतो त्याच सेंटरला त्याच मशीनवर.

केळीवाला_रावेर

सगळा धागा घरात वाचून दाखवला. आमच्या काकूंनाही हेच दुखणं, तीन वर्षांपासून, वय ६२. त्यांनाही कॉन्ट्रास्ट एमआरआय सांगितलाय पुढच्या आठवड्यात. टेस्ला भाऊंनी लिहिलं म्हणून आज क्रिएटिनिन करून घेतलं, २.१ आलंय. चालेल का?

रात्रपाळी_डॉक्टर

दादा, ६२ वर्षांच्या बाईला २.१ म्हणजे ईजीएफआर साधारण २६ येतो, ३० च्या खाली. कॉन्ट्रास्ट तसंच देऊ नये, साधा एमआरआय किंवा डॉपलरवर भागतंय का ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावं. पण एमआरआय राहू दे बाजूला. काकू मेथोट्रेक्सेट घेतात का?

केळीवाला_रावेर

घेतात. दर मंगळवारी रात्री. म्हणजे आजच.

रात्रपाळी_डॉक्टर

आजची देऊ नका. ते औषध किडनीतूनच बाहेर पडतं, किडनी एवढी कमी असेल तर अंगात साठत जातं. तोंडात फोड, ताप, जुलाब, अंगावर निळे डाग आहेत का बघा, आणि हा रिपोर्ट घेऊन आत्ताच्या आत्ता त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. दुखण्याची दुसरी कुठली गोळी मेडिकलवरून आणून घेत असतील तर तीही सांगा.

केळीवाला_रावेर

तोंड आलंय म्हणत होत्या दोन दिवसांपासून, आम्ही म्हटलं लोणच्याने. गाडी काढतो.